बोटाखालचा दशांश मायक्रॉन

तर्जनीच्या शेवटच्या पेराचा मांसल भाग एका लहान गोल दट्ट्यावर टेकवायचा, दट्ट्या हळूहळू थरथरवायचा आणि समोरच्याला विचारायचं, "जाणवलं का?" कंपनाची संवेदना मोजणं पाहणाऱ्याला एवढंच दिसतं. पण धडधाकट तरुण बोटाला २५० हर्ट्झच्या आसपास ०.१ मायक्रॉनची हालचालही कळू शकते. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर हा तिचा सातशेवा भाग झाला. एवढी बारीक हालचाल कॉम्प्युटरचा पंखा करतो, अ‍ॅम्प्लिफायरची घरघर करते, दाराबाहेरून चालत गेलेला माणूसही करतो. त्यामुळे आमच्याकडे सहभागी खुर्चीत बसेपर्यंत निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं.

आधी कुठली वारंवारता घ्यायची ते ठरवावं लागतं, कारण त्वचेत कंपन टिपणारी यंत्रणा एकच नाही. अगदी सावकाश दाब आणि पाचेक हर्ट्झखालचं कंपन मर्केल पेशींच्या वाट्याला येतं. साधारण ५ ते ५० हर्ट्झची फडफड माइस्नर कणिका टिपतात. त्याच्या वर, ४० पासून काहीशे हर्ट्झपर्यंत, पॅचिनी कणिकांचं राज्य. त्यांची संवेदना २०० ते ३०० हर्ट्झदरम्यान सर्वांत तीक्ष्ण असते. चौथी यंत्रणा रुफिनीची, तिचं काम मुख्यतः त्वचेचा ताण ओळखणं. पॅचिनी कणिका कांद्यासारखी पापुद्र्यांची असते, त्वचेत खोल बसते आणि मिलिमीटरभर लांब असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. तिचे पापुद्रे सावकाश दाब गाळून टाकतात आणि झटपट बदल तेवढा आत पोचू देतात. आयएसओ १३०९१-१ या मानकात ४, ३१.५ आणि १२५ हर्ट्झ या तीन वारंवारता दिल्या आहेत त्या याच हिशेबाने: प्रत्येकीमागे वेगळी यंत्रणा. एकाच वारंवारतेवर मोजून "या माणसाची कंपनसंवेदना चांगली आहे" असं म्हणणं म्हणजे दोन्ही डोळे तपासायचे सोडून एकच तपासण्यासारखं आहे.

दट्ट्या, म्हणजे प्रोब, आम्ही ६ मिलिमीटर व्यासाचा वापरतो. टोक सपाट, कड किंचित गोलसर घासलेली, साहित्य नायलॉन. धातूचं टोक बनवायला सोपं, पण ते बोटातली उष्णता शोषतं आणि पाच मिनिटांत मोजमाप बदलतं. व्यासाबाबत हलगर्जी चालत नाही. पॅचिनी यंत्रणा मोठ्या क्षेत्रावरचे संकेत एकत्र करते. क्षेत्रफळ दुप्पट झालं की तिचा उंबरठा, म्हणजे जेमतेम जाणवणाऱ्या कंपनाची पातळी, साधारण ३ डेसिबलने खाली येतो. व्यास ६ ऐवजी १२ मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ चौपट, म्हणजे तेच बोट ६ डेसिबल जास्त तल्लख ठरणार. माइस्नरला याचं फारसं सोयरसुतक नसतं. उलट प्रोब मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक घेतला, तर पॅचिनी जवळजवळ गप्पच बसते आणि उंबरठा-वारंवारता आलेखातून २५० हर्ट्झची ओळखीची घळ गायब होते.

प्रोबभोवती स्थिर कडं ठेवायचं की नाही, यावर मानक दोन्ही रीती मान्य करतं, आम्ही ठेवतो. कड्याचा आतला व्यास १० मिलिमीटर, म्हणजे प्रोबच्या सर्व बाजूंना २ मिलिमीटरची फट. कडं नसेल तर कंपनाची लाट त्वचेवरून पूर्ण पेरभर पसरते आणि दूरच्या पॅचिनी कणिकाही जाग्या होतात. कडं लावलं की लाट फटीतच अडते. १२५ हर्ट्झचा उंबरठा त्यामुळे वर सरकतो. ३१.५ हर्ट्झचा मात्र खाली येतो, कारण हलती आणि स्थिर त्वचा शेजारीशेजारी आली की माइस्नरला हवा असलेला तीव्र उतार मिळतो. एकाच कड्याचे दोन विरुद्ध परिणाम नवख्याला पटत नाहीत. कडं काढून, घालून एकदा स्वतःच्या बोटावर मोजलं की पटतात.

दाबाची गोष्ट सगळ्यांत जास्त छळते. प्रोबवर बोटाचा दाब १ न्यूटन हवा, म्हणजे जवळपास १०० ग्रॅम. दाब वाढला की त्वचा घट्ट होते, कंपन खोलवर पोचतं आणि १२५ हर्ट्झचा उंबरठा उतरतो. शेकरची, म्हणजे प्रोब थरथरवणाऱ्या यंत्राची, आतली स्प्रिंग नरम असते. तिचा कडकपणा दर मिलिमीटरला २ न्यूटन असेल, तर नुसतं बोट ठेवल्याने प्रोब अर्धा मिलिमीटर खाली जाईल आणि कड्याच्या पातळीखाली लपेल. म्हणून कड्याची उंची रिकाम्या प्रोबवर लावायची नाही. प्रोबवर १०० ग्रॅमचं वजन ठेवायचं, मग कडं प्रोबच्या माथ्याशी समतल करायचं आणि स्क्रू घट्ट करायचे. कड्यावरचा दाब मोजायला कड्याखाली वेगळा लोडसेल असतो. त्याचा आकडा सहभागीला समोरच्या पडद्यावर दिसतो, आणि काटा २ न्यूटनवर ठेवायचं काम त्याचं. हा काटा नसला तर दहा मिनिटांत हात दमतो, दाब नकळत निम्म्यावर येतो आणि आपण "संवेदना कमी होत चालली" अशी नोंद करतो.

हे सगळं एका जड दगडी फरशीवर बसवलेलं असतं आणि फरशीखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब. ट्यूब टणक फुगवली तर उपयोग शून्य. फरशी बोटाने ढकलल्यावर सावकाश डुलली पाहिजे. हाताची उशीही त्याच फरशीवर हवी, म्हणजे फरशी हललीच तर हात आणि प्रोब बरोबर हलतात. कॉम्प्युटर मात्र दुसऱ्या टेबलावर.

आता विजेची बाजू. सिग्नल साउंड कार्डातून निघतो, अ‍ॅम्प्लिफायरमधून शेकरला जातो. समजा पूर्ण आवाजावर प्रोब १०० मायक्रॉन हलतो आणि उंबरठा ०.१ मायक्रॉनला आहे. हे अंतर ६० डेसिबलचं, म्हणजे हजारपट. १६ बिटांच्या कार्डात पूर्ण आवाजाला ३२,७६८ पायऱ्या मिळतात, तर उंबरठ्यापाशी जेमतेम ३३. गुळगुळीत लाटेऐवजी जिना तयार होतो आणि बोट जिन्याच्या कडांना प्रतिसाद देतं. २४ बिटांचं कार्ड हा एक उपाय. पण अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची घरघर त्याने जात नाही. म्हणून आम्ही घट करणारे रोध अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर लावतो. सिग्नलबरोबर घरघरही तेवढीच खाली येते. शेकर ४ ओहमचा असेल तर ३९० ओहमचा रोध एकसरीत जोडला की सुमारे ४० डेसिबल घट मिळते.

इथे एक फसवणूक आहे. मोठा रोध एकसरीत आल्यावर अ‍ॅम्प्लिफायरची शेकरवरची विद्युत पकड सुटते आणि शेकरचा नैसर्गिक अनुनाद उसळून वर येतो. आधी काढलेलं कॅलिब्रेशन त्या वारंवारतेजवळ पार चुकीचं ठरतं. शेकरला समांतर १ ओहमचा रोध जोडला की पकड बरीचशी परत येते, फक्त घट आणखी वाढते. काहीही केलं तरी रोध बदलल्यावर कॅलिब्रेशन पहिल्यापासून.

कॅलिब्रेशनसाठी प्रोबच्या दांड्यातच हलका अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलेला असतो. त्वरण आणि विस्थापन यांचं नातं सरळ आहे: विस्थापनाला (२π × वारंवारता) च्या वर्गाने गुणलं की त्वरण. १२५ हर्ट्झला १ मायक्रॉन शिखर-विस्थापन म्हणजे ०.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग शिखर-त्वरण, आरएमएसमध्ये (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.४४. मानकाचा संदर्भ १ मायक्रोमीटर प्रति सेकंद वर्ग असल्याने तेच ११३ डेसिबल होतं. २५० हर्ट्झला १ मायक्रॉनचं त्वरण चौपट. ४ हर्ट्झला मात्र १० मायक्रॉन हलवूनही त्वरण ०.००६ एवढंच निघतं, आणि बरेचसे अ‍ॅक्सेलरोमीटर तिथे स्वतःच्याच गोंगाटात बुडतात. त्या टोकाला लेझरने किंवा दुसऱ्या विस्थापन-सेन्सरने मोजावं.

सर्वांत जास्त चुका एककांच्या होतात. शिखर आणि आरएमएस यांत ३ डेसिबलचा फरक, शिखर आणि शिखर-ते-शिखर यांत ६ चा, आणि आरएमएसच्या जागी शिखर-ते-शिखर लिहिलं तर ९ चा. दोन अहवालांचे आकडे नेमके ३, ६ किंवा ९ डेसिबलने वेगळे दिसले, तर बोटांवर शंका घेण्याआधी एककं तपासावीत.

कॅलिब्रेशन रिकाम्या प्रोबवर करून थांबायचं नाही. बोट टेकलं की प्रोबवर भार येतो आणि त्याच व्होल्टेजला हालचाल बदलते. किती बदलते ते वारंवारतेवर आणि बोटावर अवलंबून. त्यामुळे अ‍ॅक्सेलरोमीटर चाचणीभर चालू राहतो आणि प्रत्येक वेळी बोटाखाली प्रत्यक्ष काय झालं ते नोंदतो. उंबरठ्याजवळ सेन्सरचा गोंगाट आडवा आला, तर २० डेसिबल वर मोजून खालचा आकडा गणिताने काढतो, पण त्याआधी ६-६ डेसिबलच्या पायऱ्यांनी उतरत प्रत्येक पायरीला हालचाल खरंच निम्मी होते का ते पाहिलेलं असतं.

विकृतीकडेही लक्ष हवं, विशेषतः ३१.५ हर्ट्झला. तिथे उंबरठा काही मायक्रॉनचा असतो. ३१.५ ची चौथी हार्मोनिक, म्हणजे चौपट वारंवारतेची उपलाट, १२६ हर्ट्झला पडते, आणि तिथे पॅचिनी कितीतरी लहान हालचालीला जागी होते. शेकरने चौथ्या हार्मोनिकचे चार-पाच टक्के मिसळले तर आपण माइस्नर मोजतोय असं समजून पॅचिनी मोजत बसू. सुदैवाने त्वरणाचा वर्णपट या बाबतीत कडक मास्तर आहे: विस्थापनातला १ टक्का चौथा हार्मोनिक त्यात १६ टक्के दिसतो, म्हणून सुटत नाही. सिग्नल बंद असताना ५० आणि १०० हर्ट्झला शिखरं दिसली तर ती विजेच्या मेनची. बहुतेक वेळा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह, असतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की निम्म्या तक्रारी संपतात.

सहभागी आला की लगेच बोट प्रोबवर ठेवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसू द्यायचं आणि बोटाच्या पेराचं तापमान घ्यायचं. मानक २७ ते ३६ अंश सेल्सिअस चालवून घेतं. आम्ही ३० च्या खाली सुरुवात करत नाही. बोट गार असलं की पॅचिनीचा उंबरठा झपाट्याने वर जातो, माइस्नरचा फारसा हलत नाही. त्यामुळे १२५ वाईट आणि ३१.५ चांगलं असा निकाल आला तर आधी थर्मामीटरकडे बघावं, मज्जातंतूंकडे नंतर. गार हात कोमट पाण्यात धरून, पुसून, परत थोडं थांबायचं. त्या दिवशी ड्रिल, ग्राइंडर चालवलं का, लांबून दुचाकीवर आलात का, हेही विचारतो. कंपनानंतर संवेदना तात्पुरती बधिर होते, म्हणून अशा माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावलेलं बरं. चहा-कॉफी आणि तंबाखू आधीचे काही तास नको. पेरावर घट्टा असेल तर त्याची नोंद करायची आणि शक्यतो दुसरं बोट घ्यायचं.

कानांवर हेडफोन आणि त्यात एकसारखा खरखराट, कारण २५० हर्ट्झचा प्रोब शांत खोलीत ऐकू येतो आणि कान बोटाआधी उत्तर देतात. हेडफोनची वायर फरशीला टेकू द्यायची नाही. खरखराट कान दुखेल इतका मोठाही नको.

झटपट चाचणीसाठी बेकेसीची रीत वापरतो. गेओर्ग फॉन बेकेसी यांनी ती श्रवणचाचणीसाठी बसवली, पण बोटालाही चांगली लागू पडते. कंपन सेकंदाला ३ डेसिबलने वाढत जातं. सूचना एवढीच: "जाणवलं की बटण दाबून धरा, जाणवेनासं झालं की सोडा." दाबलं की कंपन उतरायला लागतं, सोडलं की चढायला. सुमारे पाऊण मिनिटात करवतीच्या दात्यांसारखा आलेख तयार होतो. पहिली वर-खाली जोडी सोडून उरलेल्या शिखरांची आणि दऱ्यांची सरासरी हा उंबरठा. बटण दाबायला लागणारा वेळ वर आणि खाली सारखाच असल्याने बराचसा एकमेकांत जिरतो. दाते १० डेसिबलहून उंच असले तर सूचना समजलेली नसते किंवा लक्ष उडालेलं असतं. दाते घड्याळासारखे एकसारखे आले तरी शंका घ्यावी. काही जण मनात आकडे मोजून बटण दाबतात. त्यांच्यासाठी वेग मध्येच बदलतो.

या रीतीचं एक दुखणं कायमचं आहे: "जाणवलं" कधी म्हणायचं, हे माणूस ठरवतो. सावध माणूस पूर्ण खात्री झाल्याशिवाय दाबत नाही, उत्साही माणूस शंका आली तरी दाबतो, आणि दोघांच्या बोटांत काडीचाही फरक नसताना आकडे वेगळे येतात. जिथे अचूकता हवी तिथे आम्ही सक्तीची निवड देतो. दोन दिवे एकापाठोपाठ लागतात, कंपन त्यातल्या एकातच असतं. कुठल्यात, हे सांगावंच लागतं. कळलं नाही तरी अंदाज करायचा. "माहीत नाही" हे बटणच नाही. प्रत्येक कंपन ७०० मिलिसेकंदांचं, मध्ये अर्ध्या सेकंदाची विश्रांती. सुरुवात आणि शेवट ५० मिलिसेकंदांत हळुवार चढवलेला-उतरवलेला, नाहीतर सुरुवातीलाच टक् असा ठोका बसतो आणि पॅचिनी त्या ठोक्यालाच उत्तर देते. ४ हर्ट्झला ७०० मिलिसेकंदांत तीन लाटाही पुऱ्या होत नाहीत, म्हणून तिथे वेळ जास्त द्यावा लागतो.

पायऱ्या अशा: ओळीने तीन उत्तरं बरोबर आली की कंपन कमी, एक चुकलं की जास्त. हा जिना जिथे स्थिरावतो तिथे तीन बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून एका उत्तराची ०.५ चं घनमूळ, म्हणजे ७९.४ टक्के. दोन बरोबरवर उतरवलं तर ७०.७ टक्के. हे आकडे लिहून ठेवावेच लागतात, कारण ७९ टक्क्यांचा उंबरठा आणि बेकेसीचा उंबरठा शेजारीशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

सुरुवात स्पष्ट जाणवणाऱ्या पातळीवरून, ४ डेसिबलच्या पायऱ्यांनी. दोनदा दिशा बदलली की पायरी १ डेसिबलची. त्यापुढचे सहा वळणबिंदू झाले की थांबायचं. समजा २५० हर्ट्झला, १ मायक्रॉनच्या तुलनेत, ते उणे १४, १८, १५, १८, १४ आणि १७ डेसिबल आले; सरासरी उणे १६, म्हणजे ०.१६ मायक्रॉन. सरासरी डेसिबलमध्येच घ्यायची. आधी मायक्रॉन करून सरासरी घेतली तर मोठे आकडे उत्तर स्वतःकडे ओढतात.

वळणबिंदू पाहण्यातच खरं निदान असतं, सरासरी नंतरची. ते सावकाश वर सरकत असतील तर बोट गार होतंय, दाब सुटतोय किंवा सततच्या कंपनाने संवेदना मंदावतेय. आधी तापमान आणि लोडसेलची नोंद बघायची, दोन्ही जागेवर असतील तर विश्रांती वाढवायची. मध्येच एकदम ५-६ डेसिबलची उडी आली तर बोट सरकलंय. ४ हर्ट्झला चुका विखुरलेल्या आल्या तर विचारावं, "बोटात ठोके जाणवतात का?" घट्ट टेकवलेल्या पेरात स्वतःची नाडी लागते आणि माणूस तिलाच कंपन समजतो. सगळं नीट असूनही तेच बोट दुसऱ्या दिवशी दोन-चार डेसिबल वेगळं येतं, म्हणून आम्ही दशांश डेसिबल छापत नाही. वयाचा हिशेबही धरावा लागतो. उतारवयात पॅचिनीचा उंबरठा ठळकपणे वर जातो, बाकीच्यांचा त्यामानाने कमी.

दवाखान्यात इतका खटाटोप परवडत नाही. तिथे १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क असतो, किंवा रिडेल-सायफर फोर्क, ज्यावर वजनं लावली की तो ६४ हर्ट्झला वाजतो आणि ० ते ८ च्या पट्टीवर संवेदना कधी संपली ते वाचता येतं. मधुमेहींच्या पायासाठी बायोथेसिओमीटर, म्हणजे उंबरठा व्होल्टमध्ये दाखवणारं कंपनयंत्र, चालतो. अंगठ्यावर २५ व्होल्टच्या वर उंबरठा गेला की पायाला जखम होण्याचा धोका जास्त मानतात. त्यातली हालचाल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २० चे ४० व्होल्ट झाले तर कंपन चौपट. हातात धरायचं यंत्र असल्याने ते स्वतःच्या वजनानेच टेकू द्यायचं, दाबायचं नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाचा पाय बधिर झालेला असताना मोजू नये हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

सहभागी उठला की प्रोब स्पिरिटने पुसायचा, १०० ग्रॅमचं वजन परत ठेवायचं, कड्याची पातळी आणि १२५ हर्ट्झचा एक आकडा सकाळच्या नोंदीशी ताडून बघायचा. १ डेसिबलच्या आत असेल तर पुढच्या माणसाला बोलवायचं. बाहेर असेल तर कड्याचे स्क्रू बघायचे. बहुतेकदा त्यातलाच एखादा ढिला झालेला असतो, आणि मग नुकतंच झालेलं मोजमाप वहीत लाल शाईने खोडायचं.